बेलवलीत भरलेली जगाची जत्रा

माणसाला एखादा छंद असावा असं जे लोक सांगतात, त्यांच्या घरात छंद असलेलं माणूस नसतं. आमच्या घरात आहे, आणि तो मी आहे. खरं म्हणजे या विषयावर माझ्या बायकोनं, कुंदानं, बोलायला हवं. पण ती ही सगळी हकिकत दोन वाक्यांत उरकते आणि त्यातलं दुसरं वाक्य आमच्या घराण्यावर असतं. म्हणून मीच सांगतो.

मला नाद होता जगाच्या जत्रांतले दागिने जमवायचा. जागतिक प्रदर्शन म्हणतात त्याला. कधी पॅरिसला, कधी शिकागोला, कधी ब्रसेल्सला असं प्रदर्शन भरायचं. देशोदेशीचे लोक आपापली यंत्रं आणि कलाकुसर घेऊन यायचे, आणि बघायला आलेली मंडळी आठवण म्हणून ब्रोच, अंगठी, ब्रेसलेट असं काहीबाही घेऊन जायची. सोनंनाणं नव्हे हं. पितळ, कथील, वर जरा मुलामा आणि रंगीत मीना. आपण जत्रेतून पिपाणी आणतो ना, तसंच. फक्त पिपाणी दुसऱ्या दिवशी फुटते आणि हे पन्नास पन्नास वर्षं टिकतं.

आता बेलवलीत राहणाऱ्या आणि मोरिवलीच्या एका कारखान्यात नट-बोल्ट सांभाळणाऱ्या माणसाला हा नाद लागायचं कारण काय? तर बटण. माझ्या लग्नातल्या कोटाचं बटण तुटलं आणि तसंच दुसरं कुठे मिळेना. कुणीतरी म्हणालं, उल्हासनगरला कॅम्पात होतचंदकडे जा, त्याच्याकडे नाही तर जगात नाही. होतचंदचं दुकान म्हणजे गाळा कमी आणि बोळ जास्त. परदेशातून जुन्या कपड्यांच्या गाठी यायच्या, त्यातल्या कोटांची बटणं, बकलं, चेनी काढून तो विकायचा. मला बटणाच्या पेटीसमोर बसवून त्यानं चहा मागवला, आणि त्या ढिगात माझ्या बोटाला काहीतरी टोचलं. बघतो तर एक ब्रोच. एक उंच सुळका, शेजारी एक मोठा गोल, आणि खाली इंग्रजीत 'न्यूयॉर्क, १९३९'.

"ये क्या है?" मी विचारलं.

"साईं, कोट आया तो साथमें आया," होतचंद म्हणाला. "जिसका कोट था, उसका होगा. आप रख लो, बटणाबरोबर फ्री."

घरी येऊन वाचनालयातला जाडा ज्ञानकोश उपसला तेव्हा कळलं की तो सुळका आणि तो गोल म्हणजे त्या प्रदर्शनाचं बोधचिन्ह. मी ते कुंदाला मोठ्या उत्साहानं दाखवलं. ती म्हणाली, "खलबत्ता आहे. बत्ता बाहेर काढून ठेवलाय."

तिथून पुढे जे सुरू झालं ते थांबेना. होतचंद माझ्यासाठी गाठींमधनं असले जिन्नस बाजूला काढून ठेवू लागला. पॅरिसचा आयफेल टॉवर आला. कुंदाच्या मते तो विजेच्या तारांचा खांब. ब्रसेल्सचं ते अणूचं प्रचंड शिल्प आलं. ते तिला काड्यांना टोचलेले बुंदीचे लाडू वाटले. सिएटलचा मनोरा तर तिनं क्षणात ओळखला. "वसाहतीतली पाण्याची टाकी ना ही?" होतचंदचा स्वभाव मात्र फार प्रेमळ. एकदा माझ्यासाठी त्यानं शिकागोचा एक ब्रोच मशीनवर घासून घासून असा लख्ख करून दिला, की त्यावरचं शिकागोही गेलं आणि सालही गेलं. "देखो, एकदम नया!" तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मी त्याचे आभार मानले आणि रस्त्यावर येऊन एका खांबाला टेकून उभा राहिलो.

वरच्या मजल्यावरच्या कमळाबाईंना वेगळीच काळजी. "भाऊ, त्या मडमा काय आता जिवंत असतील? मेलेल्या बाईच्या अंगावरचं घरात ठेवू नये. निदान गोमूत्र शिंपडा." मी हसण्यावारी नेलं. पण मी कामाला गेलो असताना त्यांनी स्वतः येऊन ते पुण्यकर्म उरकलं. पॅरिसवर एक हिरवा डाग पडला तो अजून आहे.

इथवर सगळं घरच्या घरात होतं. खरी गडबड झाली ती आमच्या वाचनालयाच्या रौप्यमहोत्सवामुळे. साल नव्वद किंवा एक्याण्णव असेल, थंडीचे दिवस. महोत्सवात रांगोळीचं प्रदर्शन ठरलं होतं, पण रांगोळीवाल्या बाईंचा हात मोडला. वाचनालयाचे चिटणीस सदूअण्णा घाम पुसत आमच्याकडे आले.

"म्हसकर, शनिवार-रविवार हॉल मोकळा राहतोय हो. मोकळ्या हॉलपेक्षा तुमचं ते पितळ ठेवूया."

आमंत्रणाची ही काही पद्धत झाली? दुसऱ्या कुणी मानी माणसानं दार लोटून घेतलं असतं. मी "विचार करून सांगतो" असं म्हणालो आणि ते जिना उतरायच्या आत वरून "हो" म्हणून ओरडलो.

बोर्ड रंगवायला दिला. मजकूर मी घोटून घोटून लिहिला होता, 'जागतिक प्रदर्शनांमधील जुन्या स्मृतिदागिन्यांचा संग्रह'. पेंटर म्हणाला, एवढं बसत नाही. त्यानं त्याच्या मनानं काटछाट केली आणि सकाळी नाक्यावर बोर्ड लागला, 'जगातील दुर्मिळ दागिने! बेलवलीत प्रथमच!' दुपारी हवालदार घरी.

चौकीत नेऊन हवालदारसाहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "दागिने म्हटलं की बंदोबस्त आला. विमा आहे? तिजोरी? पहारा?"

"साहेब, ते दागिने तसे दागिने नाहीत."

"मग बोर्डावर का लिहिलंय?"

"दागिनेच आहेत. पण किंमत नाही त्यांना."

"म्हणजे अनमोल?"

"नाही हो, म्हणजे... अनमोल आहेत, पण किंमत नाही."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. शेवटी तोडगा निघाला: सराफाचा दाखला आणायचा की या वस्तूंमध्ये काहीही मौल्यवान नाही. मग परवानगी.

तेव्हा मी माझा संग्रह रुमालात बांधून बाळाजीशेठ सराफांच्या पेढीवर गेलो. शेठजींनी न्यूयॉर्क कसोटीवर घासलं, ब्रसेल्स घासलं, ॲसिडचा थेंब टाकला, नाक मुरडलं. आजवर लोक त्यांच्याकडे माल खरा ठरावा म्हणून हात जोडत आले असतील. खोटा ठरावा म्हणून अजिजी करणारा मी पहिलाच. त्यांनी लिहून दिलं, 'सदर वस्तू तपासल्या असता कवडीमोल आढळल्या.' खाली सही, शिक्का. तो कागद हातात घेताना मला जे वाटलं, ते एखाद्या बापाला मुलाचं प्रगतिपुस्तक हातात घेताना वाटत असेल.

याच धामधुमीत तानी आली. बारवीकडच्या एका वाडीतून ती आमच्याकडे भाजी घेऊन यायची. त्या दिवशी पाटीत करांद्याचे कंद आणि वालाच्या शेंगा होत्या. पाटी उतरवायला ती वाकली आणि तिच्या गळ्यातल्या मण्यांच्या माळेतून काहीतरी पुढे लोंबलं. पाच पाकळ्या, मध्ये गोल. मी चष्मा वर केला, खाली केला. ओसाका! जपानमधलं सत्तर सालचं प्रदर्शन! ज्याच्यासाठी मी होतचंदच्या गाठी उपसून उपसून थकलो होतो, ते माझ्या दारात शेंगांवर लोंबत होतं.

"तानी, हे कुठून आणलंस?"

"ह्ये? ह्ये माज्या आयचं फूल." तिनं ते पदरानं पुसलं. "मोरिवलीला कारखाना बांदत होते तवा आय घमेली उचलाया जायाची. मी झोळीत. लई रडत होते म्हनं. मशीन बसवाया जपानचा सायब आलेला, त्यानं कोटावरचं काडून माज्या हातात दिलं. तवापास्नं गळ्यात हाय."

मी म्हणालो, "मला देतेस? तुला याच्याबदली दुसरं देतो." आणि तिच्यापुढे लख्ख शिकागो धरलं. तिनं मान हलवली. मी ब्रसेल्स आणलं. नाही. माझं डोकं फिरलं असावं, कारण मी म्हणालो, "तांब्याची कळशी देऊ?"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. कुंदा बाहेर आली. "कुणाची कळशी?"

मी ब्रसेल्स पाठीमागे लपवलं.

"पोरीच्या गळ्यातलं मागताय. लाज नाही वाटत?"

तानी पाटी उचलून निघालीच होती. पण मी असा काही बसलो होतो, खांदे पाडून, की कुंदालाच काहीतरी वाटलं असावं. ती दारात तानीच्या जवळ गेली आणि हळूच म्हणाली, "द्यायचं नाही गं. नुसतं दोन दिवस मांडायला. सगळ्या जगाचं तिथे असणार, तुझंही असू दे. माझ्या शब्दावर दे."

तानीनं विचार केला. मग माळेतून फुलाची पिन सोडवली आणि कुंदाच्या तळहातावर ठेवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "वयनी, तुमच्या हातात देतंय. आईतवारी आयला घेऊन येईन बघाया."

शनिवारी उद्घाटन. हिरामण मंडपवाल्यानं टेबलांवर लाल मखमल अंथरली होती. एकेक जिन्नस मी पुठ्ठ्यावर ठेवला, खाली माझ्या अक्षरात माहिती. तानीचं फूल मात्र उचलून कुणी खिशात घालू नये म्हणून थेट मखमलीत पक्कं टोचून टाकलं, मधोमध. स्वतः मी लग्नातला कोट घातला आणि त्यावर न्यूयॉर्कचा खलबत्ता लावला. म्हणजे ब्रोच. गर्दी तर अशी लोटली की सदूअण्णा माझा हात हातात घेऊन म्हणाले, "म्हसकर, मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं."

पाहुणे म्हणून बाळाजीशेठ. दुसरं कुणी मिळालं नव्हतं आणि दागिन्यांचं प्रदर्शन म्हणजे सराफ हवाच, असं समितीचं मत पडलं. शेठजी बोलायला उभे राहिले. आधी त्यांनी वाचनाचं महत्त्व सांगितलं. मग ते टेबलाकडे वळले.

"या सर्व वस्तू मी स्वतः तपासल्या आहेत," ते म्हणाले. पुढच्या रांगेतल्या बायका सरसावून बसल्या. "आणि यात गुंजभरही सोनं नाही, हे मी माझ्या पेढीच्या जबाबदारीवर सांगतो."

टाळ्या वाजल्याच नाहीत. मागच्या रांगा आधी उठल्या, मग मधल्या. एक आजोबा मला विचारून गेले, "मग खरे कुठे ठेवलेत?" कमळाबाई तेवढ्या शेवटपर्यंत थांबल्या, पण त्या सोबत कुपी घेऊन आल्या होत्या, त्यामुळे मी टेबलापासून हललो नाही. घरी आल्यावर मी जेवायला नको म्हणालो. कुंदानं ताट वाढून पुढे सरकवलं. "उद्या तानी येणार आहे," ती म्हणाली. "तिला सगळं नीट समजावून सांगा. ती ऐकेल."

रविवारी सकाळी पुन्हा तोच कोट आणि ब्रोच चढवून हॉल उघडला. होतचंद स्कूटरवरून खास प्रदर्शन बघायला आला होता, भडक निळा सफारी सूट घालून. त्याला एकेक दाखवत मधोमध पोचलो, आणि तिथे फूल नव्हतं.

टेबलाखाली बघितलं. खुर्च्यांखाली बघितलं. होतचंदनं सफारी सूटसकट जमिनीवर लोळण घेतली. फूल नाही. कुंदा दाराशी उभी होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मी तिला शब्द दिला होता हो."

धावत चौकीत गेलो. हवालदारसाहेबांनी तक्रार शांतपणे ऐकून घेतली, खण उघडला आणि बाळाजीशेठांचा दाखला माझ्यापुढे ठेवला. "कवडीमोल. तुम्हीच आणलात. आता यातलं कवडीमोल गेलं, तर चोरी कशाची झाली म्हणून लिहू?"

"पण साहेब, ते फूल या दाखल्यात नव्हतंच! ते नंतर आलं!"

"म्हणजे विनादाखला वस्तू मांडली होतीत?" त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मी नमस्कार करून बाहेर पडलो.

परत आलो तर हॉलमध्ये कमळाबाई कमरेवर हात ठेवून टेबलाकडे बघत होत्या. "काल लाल होतं ना हो? आज हिरवं कसं?"

आम्ही सगळ्यांनीच टेबलाकडे बघितलं. मखमल नव्हतीच. हिरवं सुती कापड होतं. सदूअण्णा खाकरले. "ते... सकाळी तुम्ही यायच्या आत हिरामणची माणसं आली होती. मखमल दुसरीकडे द्यायची होती त्याला. मी पुठ्ठे उचलून पुन्हा जसेच्या तसे मांडले. पुठ्ठे सगळे मोजून घेतले मी!"

आणि पुठ्ठा नसलेलं एकच होतं. मीच ते पक्कं टोचलं होतं, चोरी होऊ नये म्हणून.

हिरामणकडून कळलं, मखमल उल्हासनगरला गेली आहे, एका लग्नात, नवरा-नवरीच्या सिंहासनावर. कुणाच्या लग्नात, एवढंच त्याला आठवेना. मुलीच्या बापाचं पापडाचं दुकान आहे म्हणाला. उल्हासनगरात पापडाचं दुकान शोधायचं म्हणजे शेतात नेमकं एक ढेकूळ शोधण्यातला प्रकार. पण होतचंदनं स्कूटरला किक मारली होती.

"बैठो, साईं. आज कॅम्पात एकच मोठी शादी आहे, आणि होतचंदला न्योता नाही असं होईल?"

ती स्कूटर चिखलोलीच्या पुढे एकदा बंद पडली आणि अंबरनाथला एकदा. दुसऱ्या वेळी आम्ही ती ढकलत असताना एका टांगेवाल्यानं माझ्या कोटाकडे बघून विचारलं, "वरात कुठं गेली?" मी मान खाली घालून ढकलत राहिलो.

मांडवात शिरताच होतचंदला चारी बाजूंनी मिठ्या पडू लागल्या आणि तो दिसेनासा झाला. माझ्या हातात कुणीतरी सरबत दिलं, डोक्यावर गुलाबपाणी उडवलं. समोर व्यासपीठावर सिंहासन, त्यावर आमची लाल मखमल. नवरा-नवरी अजून बसली नव्हती. मी सरबताचा पेला तसाच हातात धरून सिंहासनामागे गेलो, वाकलो, मग गुडघे टेकले आणि मखमलीच्या घड्या चाचपू लागलो. टोचल्याची दोन भोकं बोटाला लागली. फूल नव्हतं. तेवढ्यात मागून माझी कॉलर कुणीतरी धरली, आणि समोर भक्कन उजेड पडला. व्हिडिओवाला होता. त्या घरी ती कॅसेट अजूनही बघत असतील, तर त्यात मुलीच्या मामानं कॉलर धरलेला, गुडघ्यांवर बसलेला, हातातलं सरबत सांडू न देणारा इसम आहे तो मी.

"कौन है? किसकी तरफसे है?" मामा गरजले.

"मी... मखमलीकडून," मी म्हणालो.

होतचंद धावत आला. त्याचं आणि मामांचं सिंधीत जे काही बोलणं झालं त्यातला मला फक्त 'जपान' हा शब्द कळला. मग आजूबाजूच्या बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली आणि एक मावशी तोंडावर हात ठेवून म्हणाली, "हाय, वो पिन!"

झालं होतं असं, की नवरीची ओढणी डोक्यावरून सारखी घसरत होती, पिना अपुऱ्या पडल्या, आणि मावशींना मखमलीत टोचलेली एक छानशी पिन सापडली. देवानंच पाठवली म्हणून त्यांनी ती लावून टाकली. ओसाकाचं फूल नवरीच्या डोक्यावर होतं आणि नवरी नटूनथटून शेजारच्या खोलीत बसली होती.

मला तिच्यासमोर नेण्यात आलं. वीस-बावीस वर्षांची पोर, ओल्या मेंदीनं भरलेले हात मांडीवर उताणे ठेवून बसलेली. मावशी म्हणत होत्या, आता ओढणीला हात लावायचा नाही, अपशकुन होईल, फेरे झाल्यावर न्या. फेरे संध्याकाळी होते. आणि तिकडे तानी दुपारी येणार होती.

"अंकल, इतना कीमती है?" नवरीनं विचारलं.

मी मान हलवली. "कीमती नाही, बेटा. दुसऱ्याचं आहे. एका मुलीच्या गळ्यातलं. लहान असताना ती रडत होती म्हणून कुणीतरी दिलं होतं. माझ्या बायकोनं तिला शब्द दिलाय."

तिनं मावशींकडे मान वळवली. मग म्हणाली, "मावशी, निकालो. पण दुसरी पिन?" तिची नजर माझ्या कोटावर आली. "वो चलेगी?"

माझा हात आपोआप न्यूयॉर्कवर गेला. संग्रहातला पहिला जिन्नस तो. सगळे जण माझ्याकडे बघत होते. मला त्या क्षणी उदात्त वगैरे काही वाटलं नाही. पण पोरीची ओढणी घसरू लागली होती, आणि दोन्ही हात मेंदीचे असल्यामुळे तिला ती सावरता येईना. मी ब्रोच काढून मावशींकडे दिला आणि त्यांच्या हातातलं फूल घेऊन खिशात टाकलं.

"ये क्या है, अंकल?" नवरीनं विचारलं.

"फार मोठा मेळा भरला होता एकदा, त्याची निशाणी. सगळी दुनिया आली होती."

"सगळी दुनिया?" ती हसली. "मग तर शादीत पाहिजेच."

ओढणी पक्की बसली. मामांनी माझी कॉलर स्वतःच्या हातानं सरळ केली आणि जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणाले. होतचंदनं कसंबसं सोडवलं, तरी मिठाईचा एक डबा माझ्या मांडीवर आलाच.

परत येईपर्यंत वाचनालयाला कुलूप. दुपारचा हॉल भजनी मंडळाला दिलेला आहे, हे सदूअण्णा सांगायला विसरले होते. घराचा जिना चढलो. दार उघडंच होतं. आत खाली सतरंजीवर तानी आणि तिची म्हातारी आई पुतळी बसल्या होत्या, आणि कुंदा त्यांना चहा देत होती. पलंगावर तिनं आपली लग्नातली हिरवी साडी पसरली होती, आणि तिच्यावर माझे सगळे पुठ्ठे ओळीनं मांडले होते. मधोमध जागा मोकळी ठेवली होती.

"हॉलमध्ये भजन आहे ना," ती तानीला सहज म्हणाली. "म्हटलं, घरीच बघा. तुझं फूल घेऊन येतायत हे." तिनं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी खिशातून फूल काढून तिच्या हातात ठेवलं, आणि तिनं बोटं अशी घट्ट मिटली की तिला जरा वेळ उघडताच येईनात.

फूल साडीवर, मोकळ्या जागी बसलं. पुतळी उठून पलंगाशी आली. "ह्ये देताना सायब रडला होता," ती म्हणाली. "मना त्याचं बोलनं कळंना. हातानं दाखवलंन, येवडी येवडी लेक हाय घरी. लांब. मी म्हनलं, घे, माजी घे. तानीला त्याच्या हातात दिली. त्यानं घेतली बराच वेळ."

मग तानीनं एकेक जिन्नस विचारायला सुरुवात केली. हा कुठला, तो कुठला. माझं सगळं पाठ होतं. देश, साल, धातू. पण ती विचारत होती भलतंच. "ह्ये कुनी घातलं होतं? घेताना कुनासंगं गेली होती ती?" मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. फक्त न्यूयॉर्कचं येत होतं, म्हणून मी ते सांगितलं: एक मुलगी आहे, उल्हासनगरची, आज तिचं लग्न आहे. सिंहासनामागची हकिकतही सांगितली. कॉलरपर्यंत आलो तेव्हा पुतळी तोंडाला पदर लावून हसत होती आणि कुंदाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हसण्याचंच असावं.

"यातल्या कुठल्या जत्रंला गेलाव तुमी?" जाता जाता तानीनं विचारलं.

"एकाही नाही."

तिला हे फारच विचित्र वाटलं. गळ्यात फूल ओवता ओवता ती थांबली. "मंग आमच्याकडं या. पुनवंला जत्रा हाय. वयनीला घेऊन या."

पुनवेला आम्ही गेलो. टेकडीवर शेंदूर लावलेला देव, खाली मोकळं माळरान, त्यावर दहाबारा दुकानं आणि एक हातानं फिरवायचा पाळणा. जग वगैरे नव्हतं. वाडी होती, शेजारच्या दोन वाड्या होत्या, आणि धुळीत नाचणारी पोरं होती. तानीनं आम्हाला सगळ्यांना दाखवत फिरवलं. कुंदानं पाळण्यात बसायचा हट्ट धरला, मीही बसलो, आणि वर गेल्यावर तिनं माझा दंड धरला तो खाली येईपर्यंत सोडला नाही.

परतताना ती एका दुकानाशी थांबली. गोणपाटावर बांगड्या, फण्या, आणि एका पत्र्याच्या डब्यात लाल खड्यांच्या साडीपिना. तिनं एक उचलून पदरावर धरून बघितली. मी सवयीनं वाकलो, चष्मा वर केला, पिनेची मागची बाजू निरखली.

"कुठल्या सालची हो ही?" मी दुकानवाल्या म्हातारीला विचारलं.

तिनं माझ्याकडे, मग कुंदाकडे बघितलं.

"यंदाचीच हाय की," ती म्हणाली. "लाव तिला."